विणींच्या कोशाची निवड : मद्रासमधील दोन विचारचौकटी आणि मराठी वाचक

१.

सुयांवर विणकाम करणाऱ्यांसाठी प्रसिद्ध होणाऱ्या पुस्तकांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गातील पुस्तक एखादा स्वेटर, टोपरे किंवा शाल कशी विणावी हे पहिल्या टाक्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत सांगते. दुसऱ्या वर्गातील पुस्तकात वस्तू नसते; केवळ विणी असतात. प्रत्येक नोंदीत विणलेल्या तुकड्याचे छायाचित्र, टाक्यांची पट, किती ओळींनी आकृती पुन्हा सुरू होते याचा आकडा आणि शब्दांत किंवा चौकटींच्या आलेखात दिलेली कृती एवढेच येते. त्या विणीचे काय करायचे हे वाचकाने ठरवायचे असते. या दुसऱ्या वर्गाला प्रस्तुत लेखात ‘विणींचा कोश’ म्हटले आहे.

हा ग्रंथप्रकार तौलनिक साहित्याभ्यासाच्या कक्षेत येतो, असे मानण्यास कारणे आहेत. त्यातील संहिता हातांनी पार पाडण्यासाठी लिहिलेली असते. तिची स्वतःची चिन्हव्यवस्था असते. ती एका भाषेतून दुसरीत जाते, आणि जाताना काय टिकते व काय गळते हे अगदी काटेकोरपणे तपासता येते, कारण चुकीचा अनुवाद सुईवर लगेच उघडा पडतो. शिवाय या संहितेच्या लेखक आणि वाचक बहुतांशी स्त्रिया आहेत. तरीही ग्रंथनिवडीच्या चर्चेत तिला क्वचितच जागा मिळते.

कोश कोणता घ्यावा, या प्रश्नाला सामान्यतः विणींची संख्या, छायाचित्रांची रंगीतता आणि किंमत या आधारे उत्तर दिले जाते. ही मोजमापे अपुरी आहेत, असे येथे मांडायचे आहे. विणींच्या कोशाला दोन मुख्य प्रश्न विचारले पाहिजेत. हवी ती वीण त्यात सापडते काय? आणि सापडलेल्या विणीवरून तिथे न दिलेली वीण वाचकाला रचता येते काय? या दोन्ही प्रश्नांची शास्त्रशुद्ध मांडणी ज्या शहरात झाली ते शहर, योगायोगाने, लोकरीची फारशी गरज नसलेले मद्रास, म्हणजे आजचे चेन्नई आहे. पहिली चौकट ग्रंथालयशास्त्राची, तर दुसरी कोलमच्या गणिताची. तिसरा प्रश्न प्रामाण्याचा आहे. त्याचा विचार शेवटाकडे केला आहे.

२.

निवडीची पहिली अडचण नावाचीच आहे. मराठीतील ‘विणणे’ हे क्रियापद फार व्यापक आहे. मागावरचे कापड, बाज, टोपली, चटई आणि सुयांवरचा स्वेटर या साऱ्यांना ते चालते. त्यामुळे ‘विणकाम’ असे शीर्षक असलेले मराठी पुस्तक हातमागाविषयी आहे की दोन सुयांविषयी, हे मुखपृष्ठ पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. तमिळने हा भेद शब्दांतच केला आहे. मागावरचे काम ते ‘नेसवु’; सुयांवरचे काम ‘पिन्नल’. आणि ‘पिन्नल’ हाच शब्द केसांच्या वेणीलाही आहे. तिरुप्पूरच्या कारखान्यांतून निघणाऱ्या बनियनच्या कापडालाही तमिळमध्ये ‘पिन्नलाडै’ म्हणतात. म्हणजे मराठीने सुयांवरचे विणकाम विणकराच्या शेजारी बसवले, तर तमिळने ते वेणी घालणाऱ्या हातांच्या शेजारी. रचनेच्या दृष्टीने तमिळचे वर्गीकरण अधिक नेमके आहे, कारण मागावर ताणा आणि बाणा हे दोन धागे एकमेकांना छेदतात, तर सुयांवर साधारणपणे एकच धागा आपल्याच फासातून पुन्हापुन्हा ओढला जातो.

हा भेद ग्रंथालयात व्यावहारिक रूप घेतो. चेन्नईचे कोन्नेमारा सार्वजनिक ग्रंथालय १८९६ मध्ये खुले झाले. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्यानुसार भारतात प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची प्रत ज्या चार ग्रंथालयांकडे जावी लागते, त्यांपैकी ते एक आहे. त्यामुळे पुण्यात किंवा कोल्हापुरात छापलेल्या मराठी पुस्तिकेचे एक अधिकृत स्थान चेन्नईतही असते. पण केवळ ‘विणकाम’ या शब्दावर नोंदवलेली पुस्तिका हातमागाच्या अहवालांत मिसळून जाण्याचा धोका कायम राहतो. वाचक आणि पुस्तक यांची भेट होण्यासाठी शीर्षकाहून अधिक काहीतरी लागते.

३.

ते ‘अधिक काहीतरी’ काय, याचा विचार एस. आर. रंगनाथन यांनी केला. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. १९३१ मध्ये त्यांचे ग्रंथालयशास्त्राच्या पाच नियमांवरील पुस्तक आणि १९३३ मध्ये कोलन वर्गीकरण प्रसिद्ध झाले. विषयांची एकच लांब शिडी करून प्रत्येक पुस्तकाला एका पायरीवर बसवण्याची रीत त्यांनी नाकारली. विषयाचे पैलू वेगळे करावेत आणि ते चिन्हाने जोडून पुस्तकाचा क्रमांक तयार करावा, ही त्यांची पद्धत. लंडनमधील एका दुकानात पाहिलेल्या मेकॅनोच्या खेळण्यातून, म्हणजे थोड्या पट्ट्या आणि स्क्रू यांच्या जोडणीतून अनेक वस्तू बनवण्याच्या त्या खेळातून, त्यांना ही कल्पना सुचल्याचे प्रसिद्ध आहे.

विणींच्या कोशाला ही चौकट लावून पाहू. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांच्या परंपरेतली ‘ओल्ड शेल’ ही लाटांची जाळीदार वीण घ्या. बऱ्याच पुस्तकांत हीच वीण ‘फेदर अँड फॅन’ या नावाने येते. काही जाणकार मात्र ही दोन नावे दोन वेगळ्या विणींची मानतात. म्हणजे नाव हा सर्वांत अविश्वसनीय पैलू ठरतो. उलट तिचे इतर पैलू स्थिर आहेत : रचना जाळीची, पट १८ टाक्यांची, आवर्तन ४ ओळींचे, कडा नागमोडी, आकृती घडवणारी ओळ चारांत एकच. ज्या वाचकाकडे सुईवर ९० टाके आधीच आहेत, तिला नावाची सूची काही सांगत नाही. तिला १८ च्या पटीतील विणी हव्या असतात, कारण ९० ला १८ ने भाग जातो.

या कसोटीवर बहुतेक कोश उणे ठरतात. प्रकरणे रचनेनुसार आणि शेवटी नावांची सूची, अशी एकच शिडी त्यांच्यात असते. पटीनुसार सूची क्वचितच आढळते. वाचकाचा वेळ वाचवावा, हा रंगनाथन यांचा चौथा नियम. सातशे विणींच्या कोशात पटीची सूची नसेल तर त्याची समृद्धीच वाचकाचा वेळ घेऊ लागते. तेव्हा कोश हाती घेताच प्रथम मागचे पान पाहावे. तिथे नावांखेरीज आणखी कोणत्या वाटेने आत शिरता येते, हे विणींच्या संख्येपेक्षा महत्त्वाचे आहे.

४.

सापडण्यानंतरचा प्रश्न रचण्याचा आहे. येथे चेन्नईच्या उंबरठ्यावरची कोलम आणि तिची पुस्तके यांच्याशी तुलना उपयुक्त ठरते. महाराष्ट्रातील ठिपक्यांच्या रांगोळीची छोटी पुस्तके मराठी वाचकांच्या परिचयाची आहेत. तमिळ कोलमची पुस्तके त्यांचीच बहीण. त्यांत आकृतीच्या शेजारी ठिपक्यांचे गणित दिलेले असते : मधल्या ओळीत १५ ठिपके, दोन्ही बाजूंना ८ पर्यंत, आणि ठिपके ‘नेर्’ म्हणजे समोरासमोर की ‘इडुक्कु’ म्हणजे मधल्या फटीत. एवढ्या तीन माहितींवरून संपूर्ण मांडणी उभी राहते. १५ पासून ८ पर्यंत फटीत मांडलेल्या ठिपक्यांचा षट्कोन होतो आणि एकूण ठिपके १६९ भरतात. हीच मांडणी ९ पासून ५ पर्यंत केली तर ६१. विणींच्या कोशातील ‘अमुक टाक्यांच्या पटीत अधिक दोन’ ही ओळ नेमके हेच काम करते. आकृती सुरू होण्यापूर्वीची जमीन ती आखून देते.

परंतु कोलमचे पुस्तक तयार आकृती दाखवते; ती कशी वाढवावी हे बहुधा सांगत नाही. तो भाग घरातल्या हाताकडून हाताकडे जातो. या न लिहिलेल्या भागाला लिखित रूप देण्याचे काम तांबरमच्या मद्रास ख्रिश्चन कॉलेजातील गिफ्ट सिरोमनी, राणी सिरोमनी आणि त्यांच्यासह कमला कृतिवासन यांनी केले. १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात कोलमच्या आकृती म्हणजे चिन्हांच्या चौकोनी मांडण्या मानल्या आहेत आणि त्या मांडण्या निर्माण करणारी नियमव्यवस्था, म्हणजे एक प्रकारचे व्याकरण, दिले आहे. मोजक्या नियमांतून एका कुळातील लहानमोठ्या कितीही कोलम निघू शकतात. भाषेच्या व्याकरणासाठी घडवलेली साधने येथे उंबरठ्यावरच्या रेषेला लावली गेली. साहित्याभ्यासकांच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण आकृत्यांची यादी आणि आकृत्यांचे व्याकरण यांतला फरक तिच्यामुळे स्पष्ट होतो.

विणकामाचा आलेखही चिन्हांची चौकोनी मांडणीच असतो. एक चौकट म्हणजे एक टाका, एक आडवी रांग म्हणजे एक ओळ. तेव्हा वरील विचार त्याला सरळ लागू पडतो. ‘ओल्ड शेल’ची आकृती घडवणारी ओळ अशी : ३ वेळा दोन टाके एकत्र विणणे, मग ६ वेळा सुईवर दोऱ्याचा वेढा घेऊन एक टाका सुलट विणणे, शेवटी पुन्हा ३ वेळा दोन टाके एकत्र. एकत्र विणल्याने ६ टाके घटतात, वेढ्यांनी ६ वाढतात, आणि १८ चे १८ राहतात. बहुतेक कोश इथेच थांबतात. पण ही ओळ नियम म्हणून वाचली, तर ३, ६, ३ यांच्या जागी २, ४, २ घालता येतात. पट १२ ची होते, लाट आखूड होते आणि हिशेब तरीही जुळतो. ४, ८, ४ घातले तर पट २४ ची. एका नोंदीतून विणींचे एक कूळ हाती येते. ज्या कोशाची मांडणी हे वाचकाला दिसू देते तो कोश व्याकरणाचे काम करतो. जो केवळ अठरा टाक्यांची एक ओळ पाठ करायला देतो, तो वाचकाला नकलेपुरताच उपयोगी पडतो.

५.

या दोन कसोट्या घेऊन तीन कोशकर्त्यांकडे पाहू.

ब्रिटनमध्ये मेरी थॉमस यांचे विणकामाचे पहिले पुस्तक १९३८ मध्ये आणि विणींचे पुस्तक १९४३ मध्ये आले; १९७२ मध्ये अमेरिकेत त्यांची स्वस्त पुनर्मुद्रणे निघाली. छायाचित्रांच्या बाबतीत १९४३ चे पुस्तक आजच्या वाचकाला रूक्ष वाटेल. त्याची बांधणी मात्र विचाराची आहे. आधी तत्त्व, मग त्याचा साधा नमुना, मग त्यातून निघणारे प्रकार, असा क्रम त्यात दिसतो आणि चौकटींच्या आलेखाचा वापर सातत्याने केलेला आहे.

अमेरिकेतील बार्बरा वॉकर यांचे कोश १९६८, १९७० आणि १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्यात पाचशेहून अधिक विणी आहेत, दुसरा त्याहून मोठा. विस्तार आणि शिस्त या दोन्ही बाबतींत ते आजही प्रमाण मानले जातात. साधी उलट-सुलट वीण, पट्ट्या, रंगपालट, सरकते टाके, जाळी, पीळ अशी प्रकरणे आहेत. प्रत्येक विणीला नाव आणि बहुधा छोटी टीप आहे. पहिल्या दोन कोशांत कृती शब्दांत आहे, तिसऱ्यात आलेखात. एकाच कोशकर्तीने चार वर्षांत केलेले हे संक्रमण अभ्यासण्याजोगे आहे. शब्दांतली कृती हाताला आज्ञा देते. आलेख कापडाचे रूप दाखवतो. सर्व ओळी सुलट, ही आज्ञा पाठपोट विणताना आडव्या कण्यांचे कापड देते. तीच आज्ञा गोल विणताना सपाट, गुळगुळीत कापड देते. शब्द तेच, कापड वेगळे. दर्शनी बाजू दाखवणारा आलेख असेल तर हा घोटाळा टळतो.

जपानी हितोमी शिदा यांचे कोश इंग्रजीत २०१७ आणि २०१८ मध्ये आले. पहिल्यात २६० विणी, दुसऱ्यात २५०. अनुवाद गेल रोम यांचा. येथे विणींना नावे नाहीत, केवळ क्रमांक आहेत. कृती पूर्णपणे आलेखात आहे. विणकामाच्या चिन्हांना जपानच्या औद्योगिक मानकांत स्थान असल्यामुळे एका पुस्तकाची चिन्हे दुसऱ्या पुस्तकात बदलत नाहीत. म्हणूनच जपानी न येणाऱ्या विणकर स्त्रिया मूळ जपानी आवृत्त्याही वापरू शकत होत्या. अनुवादकाला मजकुराचा अनुवाद करावा लागला, आकृतीचा नाही. मात्र आकृतीतून नाव आणि इतिहास दोन्ही निघून गेले आहेत. वॉकर यांच्या टिपेत विणीला काही ना काही भूतकाळ असतो. शिदा यांच्या क्रमांकाला तो नाही. सार्वत्रिकता मिळवताना दिलेली ही किंमत आहे.

चेन्नईच्या वाचकाने यात एक स्थानिक कसोटी मिळवावी. या कोशांतील नमुने बहुतांशी लोकरीत विणलेले असतात. लोकर लवचिक असते. ओली करून ताणली की जाळी उघडते आणि तशीच राहते, पट्ट्या आवळून बसतात. दमट, उष्ण हवेत सुती धागा वापरावा लागतो, आणि त्यात हे गुण नाहीत. पीळ जड होतात, पट्ट्या सैल पडतात. नमुना कोणत्या धाग्यात विणला हे न सांगणारा कोश येथे अर्धेच सांगतो.

६.

तिसरा प्रश्न प्रामाण्याचा. विणींच्या पुस्तकांत इतिहास फार सैलपणे वावरतो. आयर्लंडच्या आरान बेटांवरील स्वेटरांविषयी एक कथा वारंवार छापली जाते : प्रत्येक कुटुंबाची स्वतःची वीण असे आणि बुडालेल्या कोळ्याची ओळख त्याच्या स्वेटरवरून पटे. या कथेचे मूळ साहित्यात सापडते. जे. एम. सिंग यांच्या १९०४ मध्ये रंगमंचावर आलेल्या ‘रायडर्स टू द सी’ या एकांकिकेत बहीण बुडालेल्या भावाचा मोजा ओळखते. पण ती ओळखते ती तिनेच घातलेल्या आणि सुटलेल्या टाक्यांच्या मोजणीवरून. तिथे स्वेटर नाही, कुळाची खूणही नाही. एका स्त्रीच्या हाताची स्मृती आहे. पुढे तिच्याजागी कुळाचे बोधचिन्ह आले. हाइन्त्स किवे यांच्या १९६७ च्या पुस्तकाने तर आरानच्या विणींना प्राचीन धार्मिक अर्थ जोडले.

या समजुतींची चिकित्सा रिचर्ड रट यांनी हातविणकामाच्या १९८७ च्या इतिहासग्रंथात केली. रट हे अँग्लिकन बिशप; त्यापूर्वी कोरियात दीर्घकाळ राहून त्यांनी तेथील ‘सिजो’ या काव्यप्रकाराचे अनुवाद व विवेचन केले होते. पाठचिकित्सेची सवय असलेल्या साहित्याभ्यासकाने विणकामाचा इतिहास लिहावा, याचा लाभ त्या ग्रंथाच्या पानापानांत जाणवतो.

येथे प्रश्न केवळ तपशिलाच्या चुकीचा नाही. सिंग यांच्या नाटकात ज्ञान एका व्यक्तीचे होते : किती टाके घातले हे तिला ठाऊक होते. दंतकथेने ते ज्ञान निनावी परंपरेला देऊन टाकले. जो कोश विणीचा आधार, मग ते जुने पुस्तक असो, एखादी विणकर असो वा स्वतः लेखिकेची रचना असो, स्पष्ट नोंदवतो, तो हे हरवलेले कर्तृत्व परत करतो. जो सुंदर कथा सांगून आधार टाळतो, त्याच्या विणी वापराव्यात, पण त्याच्या इतिहासावर विसंबू नये.

७.

हे सारे मराठी वाचकाच्या दृष्टीने कोठे येऊन पोचते? मराठीत विणकामाची कृती प्रामुख्याने नियतकालिकांची पाने, छोट्या पुस्तिका आणि घरातील वह्या यांमधून फिरली. सुलट, उलट, टाके घालणे, टाके बंद करणे, दोन टाके एकत्र, जाळी, वेणी हे शब्द त्यातून रुजले. ते नेमके आहेत. ‘सुलट’ आणि ‘उलट’ ही जोडी तर एकाच टाक्याच्या दोन बाजू एका शब्दांशाच्या फरकाने सांगते. इंग्रजीतील जोडीला हे साधत नाही. परंतु इंग्रजी कोश वापरणारी मराठी विणकर हळूहळू इंग्रजी आद्याक्षरांत मोजू लागते आणि मराठी शब्द आईच्या पिढीपाशी थांबतात. महाराष्ट्राबाहेर, चेन्नईसारख्या शहरात, जिथे शेजारणीशी बोलताना मराठीचा उपयोग नसतो, तिथे हे अधिक वेगाने घडते.

आलेखाधारित कोश निवडण्याचे सर्वांत बळकट कारण हेच आहे. शब्दांतली इंग्रजी कृती वाचताना वाचकाला त्या भाषेत मोजावे लागते. आलेख वाचताना मोजण्याची भाषा तिची स्वतःची राहू शकते. चौकटीतल्या चिन्हाला ती ‘उलट’ म्हणते की आणखी काही, हे आलेख ठरवत नाही. चिन्हांच्या यादीसमोर पंचवीसतीस मराठी संज्ञा लिहिल्या, की परकी भाषेतला संपूर्ण कोश मराठीत वाचता येऊ लागतो. एवढी संज्ञासूची तयार करणे हे कोणत्याही मराठी अध्यासनाच्या आवाक्यातले काम आहे. तिच्याशेजारी तमिळ प्रतिशब्दांचा रकाना ठेवला तर विणणे, गुंफणे आणि पिन्नल यांच्या सीमारेषांचा एक छोटा तौलनिक अभ्यासही त्यातून साधेल.

एकच कोश घेणे शक्य असेल तर, या विवेचनानुसार, मेरी थॉमस यांचे १९४३ चे पुस्तक प्रथम घ्यावे, कारण त्यात व्याकरण आहे. विस्तारासाठी वॉकर यांचे कोश त्यानंतर, त्यांतही आलेखांचा तिसरा आधी. शिदा यांचे कोश अनुभवी हातांसाठी. आणि यांहून वेगळा कोणताही कोश समोर आला, तर त्यातील एक नोंद निवडून चार गोष्टी पाहाव्यात. घटलेल्या आणि वाढलेल्या टाक्यांचा हिशेब जुळतो काय? पट आणि कडेचे टाके वेगळे दाखवले आहेत काय? धागा नोंदवला आहे काय? विणीचा आधार सांगितला आहे काय? ही तपासणी ग्रंथालयात उभ्याउभ्या करता येते, आणि तिच्यासाठी एकही टाका विणावा लागत नाही.